ई टीव्ही मराठी ते कलर्स मराठी : वाहिनीचा मालक नेमका कधी बदलला?

दूरचित्रप्रेमी (धागाकर्ता)

नमस्कार. मराठी वाहिन्यांचा विषय निघाला की आपण मालिका, कलाकार आणि शीर्षकगीते यांच्या आठवणींत रमतो. त्या वाहिन्या कोणाच्या होत्या, कोणी विकल्या आणि कोणी घेतल्या, हा भाग मात्र राहून जातो. या दृष्टीने ई टीव्ही मराठीची कथा मला सर्वांत विलक्षण वाटते. ९ जुलै २००० रोजी हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहाने ही वाहिनी सुरू केली, २२ मार्च २०१५ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, तिचे नाव कलर्स मराठी झाले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ती जिओस्टार या नव्या कंपनीच्या पंखाखाली गेली.

माझे म्हणणे असे, की प्रेक्षकांनी मालकबदलाचा म्हणून जो दिवस लक्षात ठेवला, तो खरे तर पाटी बदलण्याचा दिवस होता. मालकी त्याआधी कित्येक वर्षे कागदोपत्री सरकत होती आणि आपण निवांतपणे मालिका पाहत बसलो होतो. हे व्यवहार कोणत्या क्रमाने झाले, हे जाणकारांनी कृपया मांडावे. मालक बदलल्यामुळे पडद्यावर काय बदलले आणि जुन्या कार्यक्रमांचे हक्क आज कोणाकडे असू शकतात, याबद्दलही वाचायला आवडेल.

मृण्मयी क.

छान विषय. व्यवहारांचे मला काही कळत नाही, पण एक निरीक्षण नोंदवते. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत, तीन हजारांहून अधिक भाग चालली. म्हणजे तिकडे वाहिनीची मालकी या हातातून त्या हातात जात असताना रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड यांचे घर होते तिथेच उभे होते. मालक बदलले, परंतु सासू बदलली नाही.

लेखापाल

मृण्मयीताई, आपले निरीक्षण हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण त्या मालिकेच्या कालावधीतच बहुतेक सर्व महत्त्वाचे व्यवहार ठरले. क्रम मला ठाऊक आहे तसा मांडतो.

ई टीव्ही तेलुगू ही वाहिनी ऑगस्ट १९९५ मधली. तिच्या यशानंतर समूहाने मराठी, बांगला, कन्नड, गुजराती, ओडिया, उर्दू आणि पुढे हिंदी पट्ट्यातील राज्यांसाठी वाहिन्या काढल्या. त्या काळात एका भाषेत यश मिळाले की तोच साचा दुसऱ्या भाषेत नेण्याचे धाडस फार थोड्यांनी केले आणि इतक्या भाषांत तर कोणीच केले नव्हते. पण अशा विस्ताराला पैसा लागतो, आणि समूहाची पैशाची बाजू नेमकी २००६ च्या अखेरीस अडचणीत आली. समूहातील मार्गदर्शी फायनान्शियर्स या संस्थेने लोकांकडून घेतलेल्या ठेवींवरून खासदार उंडवल्ली अरुण कुमार यांनी तक्रार केली, तत्कालीन आंध्र प्रदेश सरकार मागे लागले आणि प्रकरण न्यायालयात गेले. ठेवी परत करायच्या तर मोठी रक्कम उभी करणे भाग होते. अमेरिकेतील ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने हिस्सा घेण्याचे जाहीर केले होते, परंतु तो व्यवहार तडीस गेला नाही. त्यानंतर २००८ च्या सुमारास जे एम फायनान्शियलचे निमेष कंपानी यांच्याशी संबंधित कंपन्यांमार्फत पैसा आला.

हा पैसा मुळात कोणाचा, हे चार वर्षांनी उघड झाले. जानेवारी २०१२ मध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजने जाहीर केले, की ई टीव्हीच्या वाहिन्यांमध्ये आपली सुमारे २,६०० कोटी रुपयांची गुंतवणूक आहे आणि तो हिस्सा आता नेटवर्क१८ समूहातील टीव्ही१८ ला विकला जाईल. किंमत सुमारे २,१०० कोटी रुपये. त्यात हिंदी आणि उर्दू बातम्यांच्या वाहिन्या पूर्णपणे, मराठी, कन्नड, बांगला, गुजराती आणि ओडिया या मनोरंजन वाहिन्यांचा ५० टक्के हिस्सा आणि तेलुगू वाहिन्यांचा केवळ २४.५ टक्के हिस्सा होता. रामोजी रावांनी आपली तेलुगू वाहिनी हातची जाऊ दिली नाही, यातच काय ते समजावे.

पुढचा डाव अधिक चतुर होता. टीव्ही१८ कडे एवढी रक्कम नव्हती. ती उभी करण्यासाठी समभागांची हक्कविक्री, म्हणजे असलेल्या भागधारकांनाच नव्या समभागांची विक्री, झाली आणि त्या विक्रीत नेटवर्क१८ च्या प्रवर्तकांना पैसा पुरवला तो इंडिपेंडंट मीडिया ट्रस्टने, ज्याची लाभार्थी रिलायन्सच होती. विकणाऱ्यानेच घेणाऱ्याला पैसे दिले आणि बदल्यात घेणाऱ्याच्या घराची किल्ली आपल्याकडे ठेवली. जानेवारी २०१४ मध्ये खरेदी पूर्ण झाली आणि त्याच वर्षी मे ते जुलैच्या दरम्यान नेटवर्क१८ च रिलायन्सच्या ताब्यात गेले. संस्थापक राघव बहल बाहेर पडले.

२०१५ च्या सुरुवातीला व्हायाकॉम या अमेरिकी माध्यम कंपनीने प्रिझम टीव्ही या कंपनीतील, म्हणजे ज्या कंपनीत या पाच प्रादेशिक वाहिन्या ठेवल्या होत्या तिच्यातील, ५० टक्के हिस्सा सुमारे ९४० कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. पाटी बदलली ती त्यानंतर.

तेव्हा धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर : मालकी सरकायला लागली २००८ मध्ये, ते सर्वांना कळले २०१२ मध्ये, आणि प्रेक्षकांना दिसले २०१५ मध्ये.

शंकासुर

लेखापाल यांचा प्रतिसाद उत्तम आहे, तरीही मला मूळ मुद्दाच मान्य नाही. मालक कोण याने प्रेक्षकाला काय फरक पडतो? झीने १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू केली आणि काही वर्षांनी तिचे नाव झी मराठी केले. मालक तेच सुभाष चंद्रा, पण पाटी बदलली. इकडे ई टीव्हीचे मालक बदलले तरी पाटी अनेक वर्षे तीच राहिली. याचा अर्थ मालकी आणि पाटी यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही, आणि प्रेक्षक रात्री आठ वाजता काय लागते एवढेच पाहतो. बाकी सारी शेअर बाजारातील मंडळींची करमणूक.

दूरचित्रप्रेमी

शंकासुर, संबंध नाही हेच तर माझेही म्हणणे आहे! मी त्यातून वेगळा निष्कर्ष काढतो, इतकेच. पाटीवरून मालक ओळखता येत नसेल, तर मालक ओळखण्याची दुसरी काही रीत प्रेक्षकाकडे असायला हवी.

वरळीकर

खासगी वाहिन्यांच्या या गर्दीत दूरदर्शनला विसरू नये, ही विनंती. आपले मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा ‘दूरदर्शन’ ही स्वतंत्र संस्थाच नव्हती. दूरचित्रवाणी हा आकाशवाणीचा एक भाग होता. १९७६ मध्ये दूरदर्शन वेगळे झाले, तेही थेट मंत्रालयाच्या हाताखाली. १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली आणि केंद्र तिच्याकडे गेले. सह्याद्री हे नाव तर त्यानंतरचे. वरळीची इमारत तीच, मनोराही तोच, आणि सिंहगडावरून पुण्याला होणारे सहक्षेपणही वर्षानुवर्षे तसेच चालले, पण कागदावर चालक दोनदा बदलला. सरकारी खात्यातही हस्तांतरण होते, फक्त त्याच्या बातम्या अर्थविषयक पानावर येत नाहीत.

शंकासुर

वरळीकर, तिन्ही चालकांच्या काळात मालक एकच होता हो, आणि तो म्हणजे आपण करदाते. आपल्याला विचारले मात्र एकदाही नाही.

बातमीदार जुना

मी त्या पहिल्या काही वर्षांत ई टीव्ही मराठीच्या बातमीपत्रासाठी रामोजी फिल्म सिटीत काम केले आहे, म्हणून थोडे आतले लिहितो. महाराष्ट्राच्या बातम्या हैदराबादहून प्रसारित होत असत, हे अनेकांना आजही खरे वाटत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतील वार्ताहरांची दृश्ये आणि मजकूर तिकडे पोहोचायचा. संपादन, निवेदन आणि प्रसारण तिथून. शेजारी बांगला, कन्नड, गुजराती सहकारी आपापल्या भाषेत तेच करत असत. मुंबईत हिंदमाता परिसरात गुडघाभर पाणी साचल्याची बातमी मी लिहीत असे, तेव्हा खिडकीबाहेर कोरडे माळरान आणि खडक दिसत. मजकूर वाचायला देण्यापूर्वी मी दादरच्या नातेवाइकांना दूरध्वनी करून पाऊस अजून चालू आहे का, हे विचारून घेत असे.

या पद्धतीला दूरत्वाचा तोटा होता, पण एक मोठा फायदाही होता, आणि तो मालकाशी थेट निगडित आहे. रामोजी राव मुळात वृत्तपत्राचे मालक. त्यांचे तेलुगू दैनिक ‘ईनाडू’ वाढले ते जिल्हा आवृत्त्यांच्या बळावर, आणि तोच विचार त्यांनी दूरचित्रवाणीत आणला. त्यामुळे परभणी, गोंदिया, सिंधुदुर्ग येथील बातमीला मुंबईच्या बातमीइतकीच जागा मिळण्याची शक्यता त्या काळी आमच्याकडे होती. शेतकऱ्यांसाठीचा ‘अन्नदाता’ हा कार्यक्रमही त्यांच्याच तेलुगू शेतीविषयक प्रकाशनाच्या परंपरेतून आलेला. २००७ नंतर चोवीस तास बातम्यांच्या मराठी वाहिन्या आल्या आणि त्यांच्यात आमच्याकडे तयार झालेली बरीच मंडळी गेली. शंकासुर म्हणतात तसा मालकाचा फरक पडत नसता, तर मनोरंजन वाहिनीवर शेती आणि जिल्ह्याच्या बातम्या कोणी कशाला ठेवल्या असत्या?

केबलचालक

मी उपनगरात केबलचा व्यवसाय करतो. २०१५ मध्ये नाव बदलले तेव्हाचा अनुभव सांगतो. त्या सोमवारी सकाळपासून तक्रारींचे दूरध्वनी सुरू झाले, की तुम्ही ई टीव्ही का बंद केली. वाहिनी त्याच क्रमांकावर होती आणि मालिकाही त्याच होत्या, पण कोपऱ्यातील चिन्ह वेगळे दिसल्यामुळे लोकांना वाटले की आम्ही दुसरेच काही लावले आहे. एका आजींच्या घरी मी स्वतः गेलो, त्यांची मालिका सुरू होईपर्यंत थांबलो आणि नायिका दिसल्यावरच त्यांचा विश्वास बसला. “मग नाव कशाला बदललं?” असे त्यांनी विचारले. “मालक बदलले,” असे मी म्हणालो. “कधी?” या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, ते आज लेखापाल यांच्यामुळे मिळाले.

शंकासुर, प्रेक्षकाला फरक पडत नाही असे म्हणता, पण आमच्या बिलात पडतो. ज्याच्या हातात अधिक वाहिन्या, तो त्यांची जुडी करून विकतो. एकट्या मराठी वाहिनीसाठी घासाघीस करणारा मालक वेगळा, आणि क्रिकेट, हिंदी, मराठी, लहान मुलांच्या वाहिन्या असे सगळे एकत्र पुढ्यात ठेवणारा मालक वेगळा.

नियमावली

बातमीदार जुना यांनी बातमीपत्राचा विषय काढला म्हणून त्यामागची नियमांची बाजू मांडतो. कलर्स मराठीवर आज बातमीपत्र नाही. अनेक जण याचे कारण ‘नव्या मालकाला बातम्यांत रस नव्हता’ असे देतात, पण मला ते अपुरे वाटते.

आपल्याकडे ज्या वाहिनीच्या कार्यक्रमांत बातम्यांचा किंवा चालू घडामोडींचा थोडाही अंश असेल, ती बातम्यांची वाहिनी मानली जाते. अशा वाहिनीत परदेशी गुंतवणुकीची मर्यादा तेव्हा २६ टक्के होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये ती ४९ टक्के झाली. निव्वळ मनोरंजन वाहिनीला अशी मर्यादा नव्हती. आता लेखापाल यांच्या प्रतिसादातील शेवटचा व्यवहार पाहा : व्हायाकॉमचा हिस्सा ५० टक्के. म्हणजे वाहिनीवर बातमीपत्र ठेवून हा व्यवहार नियमात बसलाच नसता. कोणाच्या आवडीनिवडीचा प्रश्न येण्याआधीच भांडवलाच्या रचनेने बातमीपत्राचा निकाल लावला होता, असा माझा निष्कर्ष आहे.

याला पूरक गोष्ट म्हणजे २०१४ मध्ये नेटवर्क१८ समूहाने कन्नड, बांगला आणि गुजराती भाषांत ई टीव्ही न्यूज या नावाने बातम्यांच्या वेगळ्या वाहिन्या काढल्या. मराठीत तशी गरज नव्हती, कारण लोकमत समूहाबरोबरच्या भागीदारीतील आयबीएन लोकमत ही वाहिनी २००८ पासून त्यांच्याकडे होतीच.

स्टार माझाचे एबीपी माझा होण्यामागेही हाच नियम आहे. त्या कंपनीत आनंदबाजार पत्रिका समूहाचे ७४ टक्के आणि स्टारचे २६ टक्के होते. स्टारने आपले नाव काढून घेतले आणि १ जून २०१२ रोजी वाहिनीची पाटी बदलली. तिथे मोठा भागीदार आधीपासून तोच होता. गेले ते धाकट्या भागीदाराचे नाव.

लेखापाल

नियमावली, हा दुवा मी कधी जोडून पाहिला नव्हता. ताळेबंदात ५० टक्के हा आकडा दिसतो, पण त्यामुळे परभणीची बातमी पडद्यावरून जाते, हे ताळेबंद सांगत नाही.

मृण्मयी क.

मग मालिका आणि मनोरंजनाच्या कार्यक्रमांतही काही दिसते का, म्हणून मी आठवून पाहिले. ‘कोण होईल मराठी करोडपती’ २०१३ मध्ये ई टीव्ही मराठीवरच आले, सचिन खेडेकर सूत्रसंचालक होते. त्याच वर्षी ई टीव्ही कन्नडवर कन्नड ‘बिग बॉस’चे पहिले पर्व झाले. घरगुती मालिकांच्या वाहिन्यांवर असे खर्चिक, परवाना घेऊन करायचे कार्यक्रम त्याआधी मला आठवत नाहीत. पाटी अजून ई टीव्हीचीच होती, पण आतली हवा पालटली होती. मराठी ‘बिग बॉस’ २०१८ मध्ये महेश मांजरेकरांसह आले, तोवर सगळ्यांना ते कलर्सचेच म्हणून स्वाभाविक वाटले. धागाकर्त्यांचा मुद्दा यातून पक्का होतो असे मला वाटते.

शंकासुर

बातमीपत्राचा मुद्दा मान्य. मृण्मयीताईंचा मात्र नाही; २०१३ पर्यंत सगळ्याच वाहिन्यांकडे जाहिरातीचा पैसा वाढला होता, त्यामुळे कोणत्याही मालकाने असे कार्यक्रम आणले असते.

आता आजच्या स्थितीबद्दल बोलू या. स्टार प्रवाह नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाली तेव्हा ती मर्डोक यांच्या समूहाची होती. २०१९ मध्ये ती डिस्नेकडे गेली. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी डिस्नेचा भारतातील व्यवसाय आणि कलर्स मराठी चालवणारी व्हायाकॉम१८ यांचे विलीनीकरण पूर्ण होऊन जिओस्टार झाली, म्हणजे रात्री आठ वाजता एकमेकींशी भांडणाऱ्या स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या दोन सुना त्या दिवशी एकाच घरात आल्या. स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये, कंपन्यांनी स्वतःहून सुचवलेल्या बदलांच्या अटीवर, याला मान्यता दिली होती. मराठीपुरते बोलायचे तर समोर मुख्यतः उरले झी आणि सोनी, आणि त्या दोघांचेही विलीनीकरण ठरले होते. ते जानेवारी २०२४ मध्ये फिसकटले म्हणून, नाहीतर मराठी मनोरंजनाचा बहुतेक सारा कारभार दोनच घरांत आला असता.

केबलचालक

शंकासुर, म्हणजे मालकाचा फरक पडतो तर!

शंकासुर

मालक एकच उरला तर पडतो, असे मी म्हणेन. तडजोड मान्य आहे का?

वरळीकर

या सगळ्यात एक गंमत राहून गेली. ई टीव्ही हे नाव मराठीतून गेलेले नाही. २०१९ मध्ये रामोजी समूहाने ई टीव्ही भारत ही आंतरजालावरील बातमीसेवा अनेक भाषांत सुरू केली आणि तिच्यात मराठीही आहे. वाहिनी एकाकडे, नाव दुसऱ्याकडे. रामोजी राव ८ जून २०२४ रोजी गेले, तेव्हा त्यांच्यावरील मराठी श्रद्धांजलीपर लेखांत ई टीव्ही मराठीचा उल्लेख होता, पण ती आता त्यांची नव्हती हे सांगण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

दूरचित्रप्रेमी

सर्वांचे आभार. जुन्या कार्यक्रमांच्या हक्कांचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. नियमावली, आपण त्यावर काही लिहू शकाल का?

नियमावली

या वाहिनीचे करार मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे कायद्याची सर्वसाधारण चौकट तेवढी सांगतो. मालिका ही कायद्याच्या भाषेत चलच्चित्र. तिचा कर्ता म्हणजे निर्माता. पण वाहिनीने मोबदला देऊन ती करवून घेतली असेल, तर करारात वेगळे काही ठरले नसल्यास पहिली मालकी वाहिनीच्या कंपनीची. ही मालकी प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकते. कंपनीचे समभाग विकले गेले तरी हक्क त्याच कंपनीत राहतात आणि कंपनीबरोबर नव्या मालकाच्या हाती जातात. हक्क वेगळे काढून आधीच दुसरीकडे दिले असतील तर अर्थातच नाही. त्यामुळे प्रत्येक मालिकेचे उत्तर वेगळे असू शकते.

बातमीदार जुना

आणि बातम्यांचे? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवसांत आमच्याकडे राज्यभरातून आलेली दृश्ये कोणत्याही मालिकेपेक्षा मोलाची आहेत. प्रसारणाच्या हक्काची मुदत २५ वर्षांची असते असे मी ऐकले आहे. तसे असेल तर ती काही वर्षांत सर्वांसाठी खुली होतील का?

नियमावली

२५ वर्षांची मुदत आहे, पण ती प्रसारण संस्थेला तिच्या प्रसारणावर मिळणाऱ्या स्वतंत्र हक्काची. २००५ मधील प्रसारणाचा तो हक्क २०३० च्या अखेरीस संपेल. त्यात वापरलेल्या चित्रीकरणावरचा ६० वर्षांचा हक्क त्यामुळे संपत नाही, तो वेगळा मोजला जातो. शिवाय हक्क संपला तरी फिती दाखवण्याचे बंधन कोणावरही येत नाही. ज्याच्या कपाटात त्या आहेत, त्याने त्या जपल्या असतील आणि द्यायची तयारी दाखवली, तरच उपयोग. अभ्यासासाठी हव्या असतील, तर २०३० ची वाट न पाहता आजच्या कंपनीकडे आणि हैदराबादच्या समूहाकडे, दोन्हीकडे लेखी विचारणा करावी, असे मी सुचवीन.

बातमीदार जुना

हैदराबादला मी लिहितो. तिथे ओळखीचे दोघे अजून आहेत. मुंबईच्या पत्राचे कोणी पाहील का?

लेखापाल

मसुदा मी करतो. आपण तारखा आणि जिल्ह्यांची यादी पाठवा.